एकोणपन्नासाव्या वर्षीची आखाजी

मला जे झालंय त्याला मिडलाइफ क्रायसिस म्हणतात, असं माझ्या मुलीनं पुण्याहून फोनवर जाहीर केलं. ऋता तिकडे मानसशास्त्र शिकते. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येकाला एकेक आजार वाटून झालाय, माझाच तेवढा राहिला होता. मी म्हटलं, "अगं बाई, मला नुसती बढती मिळतेय." तर म्हणते, "तेच तर! या वयात बढती घेऊन शिंदखेड्याला जावंसं वाटणं, हेच लक्षण आहे."

आता मला सांगा, ताप आला तर थर्मामीटर असतो. हा क्रायसिस मोजायचा कशानं? माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, गेल्या वर्षी बारीक चाकांची महागडी सायकल घेतली आणि अंगाला चिकटणारी चड्डी घालून पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागला. त्याचं वय त्रेपन्न. त्याला कुणी क्रायसिस म्हणालं नाही, त्याला फिटनेस म्हणतात. असो.

मी कोल्हापुरात एका बँकेत आहे. शाखाधिकारी हो, असं बँकेनं याआधी दोनदा सांगून झालं. पहिल्यांदा ऋता लहान होती, दुसऱ्यांदा सासऱ्यांचं आजारपण होतं. आता तिसऱ्यांदा विचारणा आली ती धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्यासाठी. आमच्या विभागातल्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "सुरेखाबाई, या वेळी नाही म्हणालात तर तुमचं नाव पुन्हा येणार नाही. सोमवारी सकाळी फोन करून काय ते सांगा." कोल्हापुरातून शिंदखेडा म्हणजे महाराष्ट्राच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. जायचं तर एकटीनं जायचं, कारण अविनाशची कॉलेजातली नोकरी इथं आहे. आणि मी जन्मात एकटी राहिलेली नाही. आईच्या घरातून थेट सासरी आले.

अविनाश 'जाऊ नको' असं म्हणाला नाही. तो जेवता जेवता पंख्याकडे बघत एवढंच म्हणाला, "तू गेलीस तर घराचं कसं व्हायचं?" खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून फार बरं वाटलं.

न बघता मी भेंडीसुद्धा घेत नाही, मग गाव कसं घेणार? खानदेश मी आयुष्यात पाहिला नव्हता. बँकेच्या प्रशिक्षणात माझ्या खोलीत राहिलेली कल्पना मूळची जळगावजवळच्या असोद्याची. ती आता नाशकात असते. तिला फोन केला तर म्हणाली, "वेडे, आखाजी आलीय. माझ्या माहेरी ये, दोन दिवस राहा, मग पुढं जाऊन शिंदखेडं बघ." मी रजा टाकली आणि गाडीत बसले.

असोदा

जळगाव स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि भाकरी उलटताना तोंड तव्यावर जावं तशी झळ लागली. कोल्हापुरात ऊन असतं, नाही असं नाही, पण ते माणसाला ओळखतं. हे ऊन कुणाचं ऐकत नाही. त्यात माझ्या अंगात गेलं वर्षभर एक वेगळीच शेगडी बसलेली आहे. केव्हाही पेटते, मान लाल होते, घामाच्या धारा लागतात, आणि दहा मिनिटांत विझते. बँकेत असं झालं की मी फायलीनं वारा घेते आणि समोरचं गिऱ्हाईक उगाच घाबरतं. नंतर घरी कल्पनाला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "इथं एक बरं आहे बघ. कुणाचा घाम कशाचा, ते कुणालाच कळत नाही."

स्टेशनवर घ्यायला कल्पनाचा भाऊ आला होता. सगळं गाव त्याला भाऊ म्हणतं, म्हणून मीही म्हणू लागले. शहर संपतं न संपतं तोच दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. इतक्या केळी मी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. मी विचारत सुटले. भाऊ गाडी चालवता चालवता सांगत होता की केळीचं एक झाड एकदाच घड देतं. घड उतरवला की झाड कापायचं आणि बुडाशी आलेलं पिल्लू वाढवायचं, त्याला पिलबाग म्हणतात. मी म्हटलं, "भाऊ, एकोणपन्नास वर्षांच्या बाईला पहिल्याच दिवशी हे कशाला ऐकवताय? आमच्याकडं ऊस असतो. तोडला तरी त्याच बुडख्यातून परत येतो, खोडवा म्हणतात. मला आपला खोडवाच बरा." भाऊ इतका हसला की गाडी कडेला घ्यावी लागली.

अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडं आंब्याचा नैवेद्य आणि सराफाच्या दुकानातली गर्दी. खानदेशात मात्र आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण, आणि तो लेकींचा. लग्न झालेली प्रत्येक मुलगी माहेरी येते, मग ती वीस वर्षांची असो की सत्तर. झाडांना झोके बांधतात. पितरांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. एक गोष्ट मात्र माहीत नव्हती, ती पोचल्यावर अर्ध्या तासात कळली.

कल्पनाच्या आईला सगळे अक्का म्हणतात. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगानं एवढीशी, कपाळावर गोंदण, आणि आवाज मात्र पलीकडच्या गल्लीत जाईल असा. "ये वं माय, उन्हाची आली, बस कूलरपुढं," म्हणत त्यांनी मला बसवलं. चहा झाला. मी सवयीनं उठले, सगळ्यांचे कप गोळा केले आणि मोरीकडं निघाले.

"ठेव ते!" अक्का अशा ओरडल्या की कप हातातून सुटायचाच राहिला. "आखाजीले आलेली लेक हाय तू. लेकीनं कामाले हात लावाचा नही."

मी म्हटलं, "अहो अक्का, मी कुठली लेक? मी पाहुणी."

"पाहुनी असती तं मंग केलं असतं काम. लेक नही करत."

तर हा तो नियम. आखाजीला आलेल्या लेकीनं इकडची काडी तिकडं करायची नाही. वर्षभर सासरी राबते, इथं आराम करायचा. मग काम करतं कोण? घरातली सून म्हणावं तर तीही कुणाची लेक, ती यावलला स्वतःच्या माहेरी गेलेली. चहा भाऊनं केला होता! चौपन्न वर्षांचा तो बाप्या दोन दिवस लुंगी खोचून भांडी घासत होता आणि अंगणातून जाणारे मित्र त्याला चिडवत होते. तोही त्यांना, "तुझी बायको कुठंय रे? गेली ना माहेरी? मग घरी जा आणि झाडू मार," असं सुनवत होता. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात एवढं पुढारलेपण, पण असा नियम मी कुठं पाहिला नाही.

ऐकायला छान वाटतं ना? दोन तासांत माझी तगमग सुरू झाली. बसायचं म्हणजे काय करायचं? कल्पना भिंतीला टेकून खुशाल घोरत होती. मी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचलं. दोरीवरचे वाळलेले कपडे दिसत होते. कुणी बघत नाही असं पाहून ते काढले आणि घड्या घालायला घेतल्या, तर अक्कांनी पकडलंच. "चोरी करते का वं?" म्हणाल्या आणि घातलेल्या घड्या मोडून कपडे परत दोरीवर टाकले! मी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी विचारलं, "तुले काय खावासं वाटते? सांग, तेच करू."

"काहीही चालेल, अक्का."

"काहीही मले करता येत नही. नाव सांग."

मी विचार करू लागले आणि खरं सांगते, मला काही सुचेना. अविनाशला काय आवडतं ते पाठ आहे. ऋताला वांगं चालत नाही, भाजीत कांदा दिसता कामा नये, हे पाठ आहे. गेलेल्या सासऱ्यांना आमटी किती तिखट लागायची तेसुद्धा आठवलं. माझं काय? एवढी हिशेबाला पक्की बाई, आणि साध्या प्रश्नाला उत्तर नाही. ऋतानं सांगितलेल्या आजाराबद्दल पहिल्यांदा वाटलं, असेल बाई, काहीतरी असेल.

दुपारी अक्का आणि शेजारची एक बाई खापरावर मांडे करायला बसल्या. खापर म्हणजे मोठं पालथं मातीचं भांडं, खाली जाळ. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर फिरवत त्या कोपरापर्यंत मोठा करत आणि अलगद खापरावर टाकत. आमची पुरणपोळी त्यापुढं बाळ वाटावी. मला करून बघायची एवढी इच्छा झाली, पण नियम! मी तीन हात लांबून बघत होते. मांडे झाले, त्याबरोबर रशी होती, आमच्या कटाच्या आमटीची चुलत बहीण, पण कितीतरी जहाल. भाऊ पाटीतले आंबे रसासाठी पिळायला बसला. आणि एकदम मला उत्तर सापडलं.

"अक्का, सांगू का? मला रस नको. मला अख्खा आंबा चोखून खायचाय. एकटीला."

आमच्याकडं मी रस काढते. वाट्या भरते. मग कोयी उरतात, त्या मी चोखते, उभ्यानंच, ओट्यापाशी. अक्कांनी हे काही विचारलं नाही. त्यांनी पाटीतला सगळ्यात मोठा आंबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जाय, झाडाखाले बसून खाय." मी निंबाखाली बसून तो खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला, नव्या साडीवर सांडला. दुसरा मागून घेतला. अशा वेळी डोळ्यात पाणी यायला काही कारण नव्हतं, पण आलं.

झोका

त्या निंबालाच झोका होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गल्लीतल्या सगळ्या लेकी जमल्या. वयं विचारू नका. एक आजीबाई स्वतःच्या नातीला उतरवून स्वतः चढल्या. गाणी म्हणत, एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करत झोके चालले होते. मला आग्रह झाला. माझा उजवा खांदा सहा महिने धरलाय, हात वर जात नाही, वेणीसुद्धा घालता येत नाही. तसं सांगितलं तर एक बाई म्हणाली, "माझे दोन्ही गुडघे गेलेत. झोका गुडघ्यानं खेळतात का?" चढले. मागून कुणीतरी दणका दिला आणि मी निंबाच्या फांद्यांत गेले. काय ओरडले! एक चप्पल उडून शेजारच्या गच्चीवर गेली, ती भाऊला शिडी लावून आणावी लागली. पण उतरावंसं वाटेना. खांदा दुखत होता आणि मी आणखी जोरात म्हणून सांगत होते.

दमून सगळ्या खाली बसल्यावर मी माझा क्रायसिस काढला. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, "अक्का, पन्नाशीत तुम्हाला काय झालं होतं?"

"काय व्हईन? पाळी गेली, सुटली मी. सासू मेली. मंग मले कोनी सांगे नही, इथं बस, तिथं बसू नको. पह्यल्यांदा एकली जळगावले गेली, चपला घेतल्या, आली."

"आणि वाईट नाही वाटलं? आता आपलं काय, असं?"

अक्कांनी जरा विचार केला. "वाटलं ना. पोरं मोठी झाली, कोनी हाक नही मारे. दिवसभर वाट पाहू. मंग मीच लोकाईले हाका माराले लागली." बायका हसल्या. तेव्हा कळलं, हा आवाज पलीकडच्या गल्लीत का जातो ते.

भाऊही येऊन बसला होता. तो म्हणाला, "ताई, मलाही झालं होतं. पन्नाशीला मी एक दिवस उठून मिशी काढली. उगाच. अक्कानं दारातच अडवलं, मिशी आल्यावर ये म्हणाली. आठ दिवस मळ्यातल्या खोलीत झोपलो."

"पण काढली का?"

"काय माहीत? वाटलं, बघावं तरी खाली कोण आहे."

मी खूप हसले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशीही मी काहीही केलं नाही, आणि गंमत म्हणजे दुपारी मला झोप लागली. निघताना अक्कांनी ओटीत पापड-कुरडयांचं गाठोडं घातलं आणि विचारलं, शिंदखेड्याला कोण आहे? कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी भाऊला तिथली एक ओळख काढायला लावली. सुशीलाताई म्हणून एक निवृत्त नर्सबाई, वरची खोली भाड्यानं देतात.

नरडाणा, चुकून

रविवारी सकाळी जळगावहून पॅसेंजर धरली. इकडची मराठी आता बदलली होती, अहिराणी सुरू झाली होती. समोर एक बाई डांगरांची पाटी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कथा जावानं शे, ताई?"

"शिंदखेड्याला."

"कोनाकडे?"

"कुणाकडे नाही. नोकरी आहे तिथं, बघायला चाललेय."

"नोकरी?" तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग नरडाणाले उतरा. बठ्ठा नोकरीवाला तठेच उतरतस. बठ्ठ्या कंपन्या तठेच शेतस."

सगळे नोकरीवाले आणि सगळ्या कंपन्या तिथंच असल्या तरी माझी बँक आहे, कंपनी नाही, असं मी सांगितलं. पण तोवर सगळा डबा कामाला लागला होता. एका आबांनी शपथेवर सांगितलं की शिंदखेड्याला नोकरी असूच शकत नाही, त्यांच्या मुलाला मिळाली नव्हती. नरडाणा आलं. कुणी माझी पिशवी खाली दिली, कुणी हात दिला, त्या बाईनं एक डांगर भेट दिलं, आणि एवढ्या प्रेमापुढं मी भांबावून उतरले. गाडी हलली. फलाटावर विचारलं तेव्हा कळलं की शिंदखेडा पुढचं स्टेशन! गाडीतून ती सगळी मंडळी आनंदानं हात हलवत होती. मीही हलवला, करते काय?

आधी स्वतःवर चिडले. मग भूक लागली. महामार्गाच्या कडेला एक ढाबा होता, तिथं गेले. मालक म्हणाला, "ताई, फॅमिलीसाठी वर जागा आहे."

"मी एकटीच आहे."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "असू द्या. एकटी फॅमिली वरच बसते."

आयुष्यात पहिल्यांदा मी हॉटेलात एकटी बसून जेवले. शेवभाजी मागवली. आम्ही मिसळवाले, आम्हाला तिखटाचं कुणी शिकवायचं नाही, अशा तोऱ्यात पहिला घास घेतला आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मसाला काळा, जळजळीत, वर तेलाचा बोटभर थर, त्यात जाड शेव. मान्य करते, हरले. पण कुणाला काय हवं, कुणाचा पापड गार झाला, हे न बघता जेवताना जेवणाची चव वेगळीच लागते, हेही तिथंच समजलं. मग एका गच्च भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, मांडीवर डांगर घेऊन, शिंदखेड्याला पोचले.

शिंदखेडा

रविवार म्हणून शाखा बंद होती. शटरपुढं एक कुत्रं सावलीत झोपलं होतं. मी बाहेरून पाटी बघितली, खिडकीतून आत डोकावले. चार टेबलं आणि काचेआड शाखाधिकाऱ्याची केबिन. खुर्चीवर टॉवेल टाकलेला. आमच्या बँकेत तो टॉवेल बघूनच माणूस उभा राहतो. मला एकदम ती खुर्ची हवीशी वाटली. इतकी हवीशी, की माझी मलाच लाज वाटली.

सुशीलाताईंचं घर तिथून जवळच. साठी उलटलेली उंच, ताठ बाई. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, ताजा हार. दार उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न, "घरी भांडून आलात का?"

"नाही हो."

"मग चांगलं. मागच्या बाई भांडून आल्या होत्या. महिन्यात समेट झाला, खोली रिकामी. मला टिकणारं माणूस पाहिजे."

खोली चांगली होती. सुशीलाताईंनी त्यातलं काहीच गोड करून सांगितलं नाही. नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात गच्ची तापते. भाजीला बाजाराच्या दिवशीच जायचं. शिवाय, "दिवे लागायच्या वेळेला जीव कासावीस होतो. जेवण झालं की मग बरं वाटतं. तेवढा वेळ काढायचा." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बदली झाली ती थेट सातपुड्यात, धडगावकडे. मुलगा दहावीत, नवरा, सासू, सगळं इथं शिंदखेड्याला.

"मग ठरवलं कसं?"

"ठरवायचं काय? ऑर्डर आली, गेले. तुम्हाला तर विचारतायत. मजा आहे तुमची."

पावसात तिकडचे रस्ते वाहून जायचे, बाळंतपणं त्या कंदिलावर करायच्या. मी म्हटलं, तेच सगळ्यात कठीण गेलं असेल. त्या म्हणाल्या, "नाही. तीन वर्षांनी परत आले ना, ते कठीण गेलं. आल्या आल्या पाण्याचा हंडा ठेवायला गेले, तर हंड्याची जागा बदललेली. सासूबाई म्हणाल्या, आता आम्ही इथं ठेवतो. एवढंच. पण घर माझ्यावाचून चालायला शिकलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही."

राहायला लॉज शोधते म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही, वरच्याच खोलीत राहायला लावलं. आणि खरंच, दिवे लागायच्या वेळेला माझा जीव कासावीस झाला. अविनाशला फोन लावला.

तो मजेत होता. "अगं, आज आमटी केली. चांगली झाली, शेजारी दिली वाटीभर. मशीन लावलं. आणि तुझा तो हिंगाचा डबा मी खालच्या कप्प्यात आणलाय. वर ठेवतेस, पटकन सापडत नाही."

चार दिवस! चार दिवसांत हिंग खाली आला. अक्कांच्या अंगणात मी किती मोठ्यानं हसले होते, सुशीलाताईंपुढं किती समजूतदार चेहरा केला होता. आता गच्चीवर उभी राहून मला त्या हिंगाचा राग आला. मला वाटलं होतं, निदान आमटी तरी करपेल. नवरा उपाशी राहावा असं कुठल्या बाईला वाटतं? मला वाटलं. ते घर माझ्यामुळं उभं आहे, याच्यावर मी इतकी वर्षं उभी होते. आपण गेलो तर हाल होतील, ही भीती मला नव्हतीच. हाल होणार नाहीत, ही होती.

मी म्हटलं, "अविनाश, मी उद्या हो म्हणणार आहे."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली, त्यानं गॅस बंद केला. मग म्हणाला, "म्हण."

"तुला चालेल?"

"सुरेखा, चार दिवसांत मला सवय व्हायला लागलीय," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ते मला आवडलेलं नाही. तू नसताना मला जमतंय, हे मला अजिबात आवडलेलं नाही."

"मलाही नाही आवडलं," मी म्हटलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात आम्ही असं काही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. शेवटी तो म्हणाला, "हिंग परत वर ठेवू का?" मी म्हटलं, "नको. राहू दे खालीच."

सोमवारी सकाळी सुशीलाताईंचा चहा घेऊन परत गच्चीवर गेले. ऊन अजून कोवळं होतं, खाली बाजारपेठ उघडत होती. साहेबांना फोन लावला. "सर, मी शिंदखेडा घेते," असं एका दमात सांगून टाकलं, नाहीतर जीभ अडली असती.

"वा, वा! पण सुरेखाबाई, नीट विचार केलाय ना? मागच्या दोन्ही खेपेला तुमच्या घरचं अडत होतं. आता मग घराचं काय?"

"घराचं माझ्यावाचून काही अडत नाही, सर," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. साहेब पलीकडून अभिनंदन, अभिनंदन म्हणत होते.